सर्व्हर बंद पडण्याचे कारण शोधताना : माझा अनुभव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाचनालयात जुन्या मोडी कागदांचे स्कॅन साठवणारा एक लिनक्स सर्व्हर आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे असते. उन्हाळा तापू लागला तसा हा सर्व्हर भर दुपारी बंद पडू लागला. तो आपणहून पुन्हा सुरू होत नसे; कोणी बटण दाबेपर्यंत तसाच पडून राही. वाचनालयाचा कारभार पाहणारे काका फोनवर दर वेळी म्हणत, "अरे, लाइट गेली असेल." इलेक्ट्रिशियनचे म्हणणे उलट होते : "साहब, बिजली तो गई ही नहीं।"

विजेचा प्रश्न लवकर निकालात निघाला. वीज परत आली की मशीन आपोआप सुरू व्हावे, अशी सेटिंग बायोसमध्ये (मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) आधीपासून होती. खरोखर वीज गेली असती, तर ती आल्याबरोबर सर्व्हरही उठला असता. तो उठत नव्हता, म्हणजे मशीनपर्यंत वीज पोहोचत असतानाच काहीतरी त्याला बंद करत होते.

त्यानंतर मी नोंदींकडे वळलो. 'लास्ट' या आज्ञेला 'एक्स' हा पर्याय दिला की सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या नोंदी दिसतात. रीतसर बंद केलेल्या मशीनची 'शटडाउन' अशी नोंद त्यात असते. आमच्याकडे मात्र त्या जागी 'क्रॅश' एवढाच शब्द होता. या शब्दावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. बंद होताना जी नोंद व्हायला हवी होती ती सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. विंडोजमधली ४१ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' नोंदही याहून अधिक काही सांगत नाही, तरी ती दिसताच पॉवर सप्लाय बदलून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत.

सिस्टिमडी हा लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम; त्याच्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, आधीच्या बूटच्या (मशीन सुरू होऊन बंद पडेपर्यंतच्या खेपेच्या) शेवटच्या ओळी पाहिल्या, तर स्कॅनमधून पीडीएफ तयार करण्याचे काम चालू होते आणि पुढे काहीच नव्हते. जर्नल साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांपर्यंत वेळ घेते. केवळ 'क्रिटिकल' आणि त्याहून गंभीर नोंदी ते लगेच पक्क्या करते. त्यामुळे शेवटच्या काही मिनिटांबद्दल या शांततेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे होते.

कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल या लिनक्सच्या गाभ्यातच सावरता न येणारी चूक होऊन सगळे थांबणे, होत असेल, तर आणखी एक अडचण असते. कर्नलचे संदेश आधी रॅममधल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जातात आणि पॅनिकच्या क्षणी डिस्क व फाइलसिस्टिम यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही; घराला आग लागली असताना त्याच घरातल्या कपाटात जबानी ठेवण्यासारखेच ते आहे. यासाठी २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीपासून, कर्नलमध्ये पीस्टोअर आले. पॅनिकच्या वेळी संदेशांचा शेवटचा भाग, मूळ सेटिंगनुसार १०,२४० बाइट, ते मदरबोर्डवरच्या ईएफआय व्हेरिएबलमध्ये (बायोसच्या आधुनिक रूपातल्या, वीज गेली तरी टिकणाऱ्या जागेत), एसीपीआय या हार्डवेअरविषयक प्रमाणातल्या ईआरएसटी या चुका साठवण्याच्या सोयीत किंवा राखून ठेवलेल्या रॅममध्ये लिहिते. पुढच्या बूटमध्ये सिस्टिमडी या फाइली उचलून डिस्कवर ठेवते. ही सोय आमच्या मशीनवर चालते की नाही, हे आधी तपासणे आवश्यक होते, कारण न चालणाऱ्या सोयीतले रिकामे फोल्डर कशाचाही पुरावा ठरत नाही. वाचनालय बंद झाल्यावर, सगळे बॅकअप घेऊन, मी सिस-रिक्वेस्ट या कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीतल्या 'सी' या आज्ञेने मुद्दाम पॅनिक घडवले. पुढच्या बूटनंतर त्याची फाइल नीट मिळाली. जोडीला नेटकन्सोल ही कर्नलचीच सोय लावून त्याचे संदेश यूडीपी या नेटवर्कच्या पद्धतीने शेजारच्या संगणकावरही पाठवायला सुरुवात केली.

पुढच्या वेळी सर्व्हर बंद पडला तेव्हा पीस्टोअर रिकामे होते आणि शेजारच्या संगणकावरही एक अक्षर पोहोचले नव्हते. प्रोसेसर फार तापल्यामुळे कर्नलने स्वतः मशीन बंद केले असते, तर 'क्रिटिकल टेंपरेचर' गाठल्याचा संदेश आला असता आणि पाठोपाठ रीतसर शटडाउनची नोंदही झाली असती. याचा अर्थ असा, की हा निर्णय कर्नलच्याही खालच्या पातळीवर, हार्डवेअरमध्ये होत होता आणि कर्नलला त्याची खबरही लागत नव्हती.

मशीनचा प्रोसेसर एएमडी या कंपनीचा, झेन पिढीतला असल्यामुळे येथे एक मार्ग उरला होता. या प्रोसेसरांसोबत आधीच्या रीसेटचे कारण धरून ठेवणारे एक रजिस्टर (हार्डवेअरमधली छोटीशी साठवण) असते आणि २०२५ मधल्या ६.१६ आवृत्तीपासून कर्नल ते बूट होताना वाचून त्याचा अर्थ एका ओळीत छापते. मी नवे कर्नल बसवले आणि काकांना एकच विनंती केली : सर्व्हर बंद पडला, तर भिंतीवरचा स्विच बंद करू नका, फक्त मशीनचे बटण दाबा. बंद मशीनलाही जो थोडा वीजपुरवठा चालू असतो, तो तुटला की अशा रजिस्टरातला मजकूर टिकेल याची खात्री देता येत नाही, आणि वाचनालयात तर आधी भिंतीवरचा स्विच खालीवर करण्याचीच पद्धत होती.

नंतरच्या बूटमध्ये ती ओळ मिळाली. थर्मट्रिप नावाची पिन सक्रिय झाल्याची नोंद तिच्यात होती. म्हणजे उष्णता मर्यादेबाहेर गेल्यामुळे हार्डवेअरने थेट वीज तोडली होती. कॅबिनेट उघडल्यावर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये जुन्या कागदांची भुकटी आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर निघाला. स्कॅनर त्याच टेबलावर होता. ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो अशा दुपारी, तेही पीडीएफचे काम चालू असताना, पंख्याने कितीही हवा फेकली तरी ती त्या थरातून पार होत नव्हती. मी हीटसिंक साफ केला, तो आणि प्रोसेसर यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलली आणि पीडीएफचे काम रात्रीवर टाकले.

सर्व्हर त्यानंतरही एकदा बंद सापडला. या वेळची ओळ वेगळी होती : पॉवरचे बटण चार सेकंद दाबून धरले गेले. विचारपूस केल्यावर कळले, की मॉनिटर काळा दिसला म्हणून वाचनालयातल्या मुलाने "हँग झालाय" असे समजून बटण दाबून धरले होते. मॉनिटर फक्त झोपला होता. त्याची ती सेटिंग आता बंद केली आहे, आणि प्रत्येक बूटला ही ओळ मला ईमेलने येईल अशी व्यवस्थाही केली आहे.