शिरोरेषा तुटू नये म्हणून: मराठी पानाची स्टाइलशीट

वेबसाइटसाठी देखणी थीम निवडली, त्यात मराठी मजकूर टाकला, की पान विस्कटतं. मेनूतली अक्षरं सुटी होतात, शीर्षकांच्या वेलांट्या कापल्या जातात, ओळी एकमेकींना भिडतात. लोक फॉन्ट बदलत बसतात, पण बहुतेक वेळा फॉन्टचा काही दोष नसतो. थीमच्या सीएसएसमधली, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या नियमांमधली मापं रोमन अक्षरांसाठी बसवलेली असतात, ती देवनागरीला पुरत नाहीत, इतकंच.

पहिलं माप ओळींमधल्या अंतराचं, म्हणजे लाइन-हाइटचं. एका ओळीत ‘राष्ट्रकूट’ आणि बरोबर त्याच्याखालच्या ओळीत ‘मूर्तींची’ आलं तर काय होतं ते बघा. वरून ‘ष्ट्र’ची उतरंड आणि ‘कू’चा उकार खाली येतात. खालून ‘र्तीं’ची वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिघं वर चढतात. लाइन-हाइट १.२ असेल तर यांची गाठ पडणारच. मजकुराला १.७ ठेवा, शीर्षकाला १.३५ ते १.४. आकड्यापुढे पिक्सेल लिहू नका. बॉडीवर २७ पिक्सेल लिहिलं, तर आत ३६ पिक्सेलच्या शीर्षकालाही वारसाने तेच २७ मिळतात आणि दोन ओळींचं शीर्षक एकमेकांवर चढतं. नुसतं १.७ लिहिलं की प्रत्येक घटक आपल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे अंतर काढतो.

वेलांट्या कापल्या जातात त्या मात्र दुसऱ्या कारणाने. बातमीच्या चौकटीत शीर्षक दोनच ओळींत बसवायचं म्हणून ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते लपवा) दिलेलं असतं आणि लाइन-हाइट १.१ असते. अशा वेळी पहिल्या ओळीचा रफार चौकटीच्या बाहेर जातो आणि छाटला जातो. लाइन-हाइट वाढवा, शिवाय वरून ०.१५ एम पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा द्या (१ एम म्हणजे त्या मजकुराच्या अक्षराचा आकार). बटणांचंही तसंच: ३२ पिक्सेल अशी पक्की उंची देण्यापेक्षा वर-खाली ०.५ एम पॅडिंग द्यावं, उंची आपोआप ठरते.

आता लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली फट. मराठी पानाचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. इंग्रजी मेनू कॅपिटलमध्ये करून त्यात १-२ पिक्सेल फट सोडायची पद्धत आहे. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे कॅपिटल करणाऱ्या टेक्स्ट-ट्रान्सफॉर्मचा परिणाम शून्य. फट तेवढी उरते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. ‘मुखपृष्ठ’ हा एक शब्द न राहता चार अक्षरांची रांग होतो. उणे फटही नको, अक्षरं एकमेकांवर चढतात. उपाय साधा आहे: लँग एमआर या (फक्त मराठी मजकूर निवडणाऱ्या) सिलेक्टरखाली लेटर-स्पेसिंग शून्य. पण मेनूचा नियम क्लास आणि टॅग मिळून लिहिलेला असेल तर त्याचं वजन जास्त भरतं आणि आपला नियम हरतो. एरवी बाकीच्या नियमांवर मात करणारा इम्पॉर्टंट हा शेरा वापरणं टाळावं, इथे मात्र बेलाशक वापरा. शिरोरेषा तोडावी अशी वेळ मराठी मजकुरात येत नाही.

हा सिलेक्टर चालायला एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’ अशी नोंदवलेली हवी. पुष्कळ मराठी पानांवर तिथे इंग्रजीचं ‘ईएन’ तसंच राहून गेलेलं असतं. ही नोंद नसेल तर आणखीही एक गोष्ट जाते: काही फॉन्टांमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे काढलेले असतात, आणि ब्राउझर ते भाषा पाहूनच लावतो. फॉन्टमध्ये सोय असूनही हिंदी वळणाचा ल दिसत राहतो, तो ‘एमआर’ या नोंदीअभावी.

फॉन्ट निवडताना वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार मोजा. ‘मुक्त’ या फॉन्टमध्ये २०० ते ८०० अशी सात वजनं आहेत, त्यातली ४०० आणि ७०० घेतली तरी भागतं. फक्त ४०० घेतलं आणि ठळक मजकूर वापरला तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो, मग ‘क्ष’ आणि ‘ध’च्या आतल्या जागा बुजतात. तिरप्या अक्षरांचंही तेच. बहुतेक देवनागरी फॉन्टांना इटॅलिक नसतं, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरकं करतो. फॉन्ट-सिंथेसिस नन करा, म्हणजे ब्राउझरचे हे दोन्ही उद्योग थांबतात, आणि शब्दावर जोर देणाऱ्या एम टॅगला तिरपेपणाऐवजी ७०० वजन द्या. मराठी डोळ्याला ठळक अक्षर सवयीचं आहे.

फॉन्टची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्यांनी युनिकोड-रेंज, म्हणजे ती फाइल कोणत्या क्रमांकांच्या अक्षरांना लावायची ती यादी, नीट बघावी. ०९०० ते ०९७एफ एवढी देवनागरीचीच दिली तर रुपयाचं चिन्ह (२०बी९) आणि न दिसणारा जोडक (२००डी) बाहेर राहतात. काही कळफलक ‘दुसऱ्या’मधला ऱ्य याच जोडकाने लिहितात, म्हणून तो रेंजमध्ये हवाच. फाइल लहान करताना जीसब हे जोडाक्षरं घडवणारं टेबल गळलं तर जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात.

आकार १६ऐवजी १८ पिक्सेल ठेवा. त्याच मापात देवनागरी रोमनपेक्षा बारीक दिसते. ओळीची रुंदी ३४ एमच्या आसपास बरी. दोन्ही कडा जुळवू नका: मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात, अरुंद मोबाइलवर मधे भगदाडं पडतात. दुव्याखालची रेघ उकार कापत जाते, तिला ०.२५ एम खाली सरकवा.

आणि तपासताना नमुना म्हणून ‘शीर्षक’ हा शब्द टाकून थांबू नका. प्रत्येक शीर्षकात, बटणात आणि मेनूत ‘राष्ट्रकूट मूर्तींची दुसऱ्या कर्तृत्वाची’ असं टाका, आणि खिडकी ३६० पिक्सेलपर्यंत अरुंद करून बघा.