संघ पाडताना शेवटी उरणारा

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिही म्हणून फोन आला तेव्हाच ठरवलं की गॅदरिंग, सहली, दहावीचा निकाल हे बाकीचे लिहितीलच, मला वर्गातल्या दोघांबद्दल लिहायचंय. नावं देत नाही, दोघंही आपापल्या संसारात आहेत.

एक तो, सातवीत आमच्यात आलेला. वडील मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात यायचे, आणि चाकरमानी परत गेले की पुढचे आठ-पंधरा दिवस हा नुसता धुमसत असायचा, प्रार्थनेच्या रांगेत कोणाचा धक्का लागला तरी "मुद्दाम मारलंस" म्हणून अंगावर धावायचा. मग पोरं म्हणायची, "तो आसात तर मी येवचंय नाय." कबड्डीचे संघ पाडताना तो शेवटी उरायचा, उरला की अजून चिडायचा, आणि चिडला की पुढच्या वेळी आणखीच नको व्हायचा. आता मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते म्हणून हे नीट दिसतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये हेच दाखवलं, की समोरच्याने चुकून केलं की मुद्दाम हे स्पष्ट नसलं की मारकुट्या मुलांना ते मुद्दामच वाटतं, आणि गंमत नाही, खरंच, वर्गातली बाकीची मुलंही त्या मुलाबद्दल तसंच धरून चालतात!

दुसरी ती. कधी कोणाला मारलं नाही, बोललीही नाही, परीक्षेला पोट दुखायचं, डबा पडवीच्या टोकाला एकटीच खायची. सगळे म्हणायचे किती शहाणी मुलगी. १९८२ मध्ये डॉज, कॉय आणि कॉपोटेली यांनी मुलांनाच विचारलं होतं, वर्गात सगळ्यात जास्त कोण आवडतं आणि कोण आवडत नाही, तर काही मुलं नावडत्यांत निघाली आणि काहींचं नाव दोन्हीकडे जवळपास नाहीच. ही त्यातली. मला तिची काळजी जास्त वाटते, कारण भांडणारा निदान दिसतो तरी.

आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी कुठलंही पुस्तक न वाचता जे केलं ते आजही मी शिक्षकांना सांगते. संघ निवडायचं काम मुलांकडून काढून घेतलं, चिठ्ठ्या टाकायच्या. त्याला एका शांत मुलाशेजारी बसवलं आणि गुण लिहायची वही त्याच्या हातात दिली. तिला वाचनालयाची पेटी सांभाळायला दिली, पण एकटीला नाही, सोबत एकच मैत्रीण, घोळक्यात न बोलणारी ती त्या एकीशी मात्र तासभर बोलायची. दिवाळीनंतर त्याची मारामारी जवळजवळ थांबली, तरी पुढे कितीतरी दिवस कोणाची पट्टी मोडली की वर्ग त्याच्याकडेच बोट दाखवायचा. पोर बदललं तरी त्याचं वर्गातलं नाव लवकर बदलत नाही, आणि मला वाटतं निम्मं काम तिथेच असतं. बाई दर वेळी बोट दाखवणाऱ्याला विचारायच्या, "तू डोळ्यांनी बघितलंस?" बहुतेक वेळा बघितलेलं नसायचं.

शाळेतल्या आजच्या शिक्षकांकडे मागणं आहे, महोत्सवाच्या खेळांना संघ चिठ्ठ्या टाकूनच पाडा, आणि मधल्या सुट्टीत एकटं डबा खाणारं पोर कोण ते प्रत्येक वर्गात एकदा बघून ठेवा.