तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी प्रार्थना करून मिळालं काय?

हा प्रश्न मला सारखा येतो. कारखान्यात येतो, गल्लीत येतो, लग्नाच्या पंगतीत सुद्धा आलाय. शेजारच्या वहिनींनी तर विड्या वळता वळता सरळच विचारलं, "काकू, एवढी प्रार्थना केलाव, चर्च कधी चुकवलं न्हाई, तरी काका गेलेच की ओ, मग काय मिळालं?" कुजकटपणे नाही विचारलं हां, त्यांच्या घरी पण एक दुखणं आहे आणि मला वाटतं त्या स्वतःसाठीच विचारत होत्या. तेव्हा मी चहा ठेवला आणि विषय टाळला, कारण दोन वाक्यात सांगण्यासारखं ते नाही. आता जरा लिहूनच काढते.

आमचे हे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. बीपी होतंच, त्यात गोळ्या खाण्याचा कंटाळा, आणि एक दिवस पाय सुजले म्हणून दाखवायला गेलो तर दोन्ही किडन्या गेलेल्या. मग डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त गाळून घ्यायचं. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसलं म्हणून निभावलं, नाहीतर युनिफॉर्म शिवून शिवून मी कितीसे मिळवणार होते. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना माहितीये, एका वेळेला चार तास मशीनवर, आणि मधल्या दिवसात माणूस बरा दिसतो म्हणून लोक म्हणतात, अरे काही झालेलं दिसत नाही की.

डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात, त्याला फिश्चुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आतून थरथर लागते, माग चालू असताना कारखान्याच्या भिंतीला हात लावला की लागते ना, तशीच. ती थरथर चालू म्हणजे फिश्चुला चालू. मी रोज सकाळी उठल्या उठल्या आधी त्यांच्या हातावर बोट ठेवायची आणि मग चूल, म्हणजे गॅस. खरं सांगायचं तर माझी सकाळची प्रार्थना कित्येक दिवस तेवढीच होती, चालू आहे, थँक्यू प्रभू, संपलं.

हे काही बरे झाले नाहीत. प्रार्थना कमी पडली का? हे मला तोंडावर विचारणारे सुद्धा भेटले, आणि दुःख याचं की त्यातले निम्मे आपल्याच चर्चच्या मंडळीतले. एक बाई घरी येऊन म्हणाल्या, काही कबूल न केलेलं पाप आहे का बघा. दुसरे एक भाऊ म्हणाले आमच्या सभेला आणा, सुया बंद होतील. मी भांडखोर नाही पण त्या दिवशी बोलले, बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलंय की पाप कुणी केलं, ह्याने का ह्याच्या आईबापाने, आणि येशूने सांगितलं ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापानेही नाही. एवढं स्पष्ट लिहून ठेवलंय तरी लोक तेच विचारत येतात. बायबलातल्याच ईयोबाचे मित्र बघा, त्याच्यावर संकटं कोसळली तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले तोपर्यंत ठीक होते, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं! त्यापेक्षा आमच्या शेजारच्या वहिनी बऱ्या, गड्ड्याच्या जत्रेत सिद्धरामेश्वराला नवस बोलून आल्या आणि ह्यांना प्रसाद दिला. आमच्यातल्या काहींना ते आवडलं नसतं, पण ह्यांनी कपाळाला हात लावून घेतला, मी पण काही बोलले नाही, माया होती ती.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची. डायलिसिसच्या माणसाला लघवी जवळजवळ बंद होते, म्हणून पाणी मोजून. पाऊण-एक लिटर दिवसाला, त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच ताक. जास्त झालं की छातीत पाणी, मग रात्री उठून बसायचं आणि धाप. आणि हे सगळं सोलापुरात, एप्रिल-मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला! आमच्याकडे तशीही पाण्याची बोंब, उजनी भरलं तरी नळाला चार दिवसाआड, बाया मोटारी लावून भांडतात, पण ह्यांच्यासमोर घागर भरलेली असायची आणि प्यायचं नाही. बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायचे. नाहीतर चूळ भरून थुंकायचे, आणि थुंकताना जे तोंड व्हायचं ते मी सांगू शकत नाही.

एका गुड फ्रायडेला चर्चमध्ये बारा ते तीनची उपासना होती. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, त्या दिवशी येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, मध्ये मध्ये गीतं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, आमच्याकडे पेटी-तबला-टाळ असतात. पंखे गरम हवा फेकत होते. हे माझ्या शेजारी, हातात रुमालात गुंडाळलेला बर्फ, तो वितळून पँटवर पाणी. पाचवा उद्गार आला, "मला तहान लागली आहे." बोलणारे सर आध्यात्मिक तहानेवर छान बोलत होते, आत्म्यांची तहान वगैरे. हे माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "तसलं काही नाही, त्याला पाणीच पाहिजे होतं."

मला हसू पण आलं आणि पोटात कालवलं पण. कारण खरंच की, रात्रभर ओढत नेलं, फटके मारले, रक्त गेलं, भर उन्हात टांगलं, पाणी पाहिजेच होतं, आणि मिळाला काय तर बोळ्यावरचा आंबट द्राक्षारस. मी लहानपणापासून दरवर्षी ते वाक्य ऐकत आलेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते आमच्या घरातलं वाक्य वाटलं. त्याच्या आधीचा, चौथा उद्गार तर बायबलातल्या स्तोत्र बाविसाव्याची पहिली ओळ आहे, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. आणि त्याच स्तोत्रात पुढे जीभ टाळूला चिकटल्याचं आहे, घरी येऊन मी काढून वाचलं. म्हणजे देवाच्या मुलाने सुद्धा तक्रार केली आणि उत्तर आलं नाही, वरून आवाज नाही, काही नाही.

तर वहिनी, मला हे मिळालं. ह्यांची तहान गेली नाही, पण रात्री दोनला बर्फाचा खडा देताना मी ज्याला हाक मारत होते त्याला तहान म्हणजे काय हे ठाऊक होतं. तुम्हाला हे कमी वाटेल. मला तेव्हा तेवढ्यावर रात्र काढता आली, आणि दुसरं काहीही, गोळी धरून, तेवढं कामाला आलं नाही.

मोठ्या माणसांचं पण असंच झालंय म्हणा. पंडिता रमाबाईंचं बघा, आई, वडील, बहीण दुष्काळात गेले, 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहान मनोरमा. पुढे ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो मुली-बायांना आसरा दिला, आणि 1921 मध्ये तीच मनोरमा आईच्या आधी गेली. बाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत बायबल करत होत्या, ते काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, 1922 मध्ये गेल्या. विश्वास ठेवला म्हणून त्यांची काय सुटका झाली, सांगा. लेकरू गेल्यावर कुठल्या ओळीपाशी त्यांची लेखणी अडली असेल, हे मला कधीकधी वाटतं.

आणि आशा? आशेचं विचाराल तर मी ईस्टरवर, म्हणजे येशू मेलेल्यातून उठला त्यावर, विश्वास ठेवते, अगदी साधा, जुन्या बायांसारखा, की हे पण उठतील. पावसाळ्यात गेले हे. ईस्टरला पहाटे आम्ही कबरस्तानात फुलं घेऊन जातो, आणि तिथे मला येशूचा शिष्य थोमा, त्याची गोष्ट आठवते. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमाला म्हणाला बोट इकडे कर. नवीन शरीर मिळालं तर व्रण कशाला ठेवले असतील? आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं तर त्यांनी ओळख पटावी म्हणून वगैरे सांगितलं, बरोबर असेल. मी माझ्यापुरतं असं धरलंय की जे सोसलं ते पुसलं जात नाही, वाया पण जात नाही. ह्यांचा डावा हात सुयांनी गाठी गाठी झाला होता, शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या, फुल शर्टच घालायचे लाजून. मला तो हात तसाच परत पाहिजे.

मुलाला यातलं काही पटत नाही. बाप गेल्यापासून तो चर्चमध्ये पाऊल टाकत नाही, मला गाडीवर सोडतो, समोरच्या टपरीवर चहा पीत मोबाईल बघतो, उपासना सुटली की परत नेतो. मी त्याला एवढंच सांगितलं की 88 वं स्तोत्र वाच, त्यात शेवटपर्यंत कुठेही धीर-बीर नाही, अंधारावरच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. म्हणाला, "बरं." पाळकसाहेब म्हणतात त्याला आत आणा. मी म्हटलं राहू द्या साहेब बाहेर, रागावलाय तो, पण गेटपर्यंत येतोय ना दर रविवारी, आणि मला उशीर पण होऊ देत नाही.