धिंगरी सुकवणी, नोंद ७: रात्री कडकडीत, सकाळी चामडं

सुकवणी मशीनमधून रात्री कडकडीत निघालेली धिंगरी (ऑयस्टर अळिंबी) सकाळी चामड्यासारखी का होते, त्याचा चोर सापडला. दोष ट्रेचा नाही, स्पॉनचाही (अळिंबीच्या बियाण्याचाही) नाही. टायमर संपला की हवा तापवणारी कॉइल बंद होते आणि पंखा मात्र पंधरा मिनिटं चालूच राहतो, घात तिथे होतो.

मशीन बनवणाऱ्यांच्या लेखी ही सोय. घाटावर असेलही. आषाढात किनाऱ्यावरच्या खोलीतली हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के. हीच हवा ५० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणून ती सुकवते. कॉइल थंडावली की पंखा तीच ओली हवा सुक्या मालातून खेचत बसतो आणि कागदासारख्या कडा बघता बघता ओल धरतात. वर ‘पूर्ण गार करून मगच भरा’ हा सल्ला पाळायला माल रात्रभर ताटात पसरलेला. चामडं होणार नाही तर काय!

याच हिशेबात दुसरं कोडंही सुटतं. ४० अंशांवर ही हवा ४६ टक्क्यांपर्यंतच उतरते, त्यामुळे बारा तास ठेवा की वीस, धिंगरी एका टप्प्यावर अडते. ६० अंशांवर १७ टक्के मिळतात. मात्र सुरुवातच ६० ने केली तर वरची साल आवळते आणि पाणी आत कोंडतं, देठात हमखास. म्हणून आधी ४५ वर पाच तास आणि शेवटचे दोन-तीन तास ५५ ते ६० वर. पट्ट्या बोटभर रुंद, उभ्या फाडलेल्या, न धुतलेल्या. देठ वेगळ्या ट्रेमध्ये.

नवा क्रम असा: टायमर संपायच्या आधीच, मशीन तापलेलं असताना एकेक ट्रे काढायचा आणि माल थेट कोरड्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावायचं. गार व्हायचं ते डब्यात. गरम भरल्यावर घाम सुटतो म्हणतात. सुटला तर माल सुकलेलाच नव्हता, मुकाट परत मशीनमध्ये. फुकटातली चाचणी. पहिल्याच घाण्यात सकाळी पट्टी कटकन मोडली! किलोभर ताज्या धिंगरीचे शंभरेक ग्रॅम उरतात. तासाभराच्या अंतराने दोनदा वजन तेच आलं की थांबावं.

सिलिका जेलकडून सुकवणीची अपेक्षा नको. कोरड्या बरणीत ते वजनाच्या दहाएक टक्केच पाणी घेतं. १०० ग्रॅम मालातलं ४ ग्रॅम पाणी ओढायचं तर ४० ग्रॅम जेल लागेल. औषधाच्या बाटलीतली एक ग्रॅमची पुडी म्हणजे समुद्रात खसखस. निळे मणी टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराईड असतं. नारंगी घ्या, ते हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. कढईत भाजू नका, रंग जळतो आणि मग ओल कळत नाही.

व्हॅक्यूम मशीनचा बेत रद्द. कडक धिंगरीचा दाबून चुरा होतो आणि टोकं पिशवीला भोकं पाडतात. रबरी वायसरची काचेची बरणी, अंधाऱ्या कपाटात, सुक्या मासळीपासून लांब, कारण धिंगरी वास पटकन उचलते. किड्यांच्या भीतीने फ्रीजरमध्ये ठेवलीत तर बाहेर काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर सगळं दव मालावर.

हे लिहिताना सुचलं: मोडून बघण्यापेक्षा बरणीतच छोटा आर्द्रतामापक ठेवला तर? दोन दिवसांनी ३० टक्क्यांच्या खाली दिसला तर माल कुरकुरीत. आधी मापक तपासून घ्यायचा: झाकणभर मीठ पाण्याने चिखलासारखं भिजवून मापकासोबत बंद डब्यात, दिवसभराने ७५ दाखवायला हवं. स्वस्त मापक पाच-सहा टक्के सहज चुकतात, तेवढी वजाबाकी झाकणावर लिहून ठेवायची. पुढच्या घाण्याला देठांची बरणी वेगळी आणि मापक आधी तिच्यात.