लहान क्लिनिकमध्ये नेमकं मोजायचं काय?

"दोन डॉक्टर, एक सिस्टर, रिसेप्शनला एकजण, एवढंच आमचं क्लिनिक. परफॉर्मन्ससाठी आम्ही कोणते आकडे बघायचे?" हा प्रश्न मला वारंवार येतो. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एक आकडा आधीच ठरलेला असतो: कोणत्या डॉक्टरने दिवसाला किती पेशंट तपासले. माझ्या मते सुरुवात करायला तो सगळ्यात वाईट आकडा आहे.

आधी क्लिनिक लहान असण्याचाच विचार करू. समजा, एका डॉक्टरांकडे मधुमेहाचे 20 पेशंट आहेत. मागच्या तिमाहीत 14 जणांची साखर आटोक्यात होती, या तिमाहीत 12 जणांची आहे. कागदावर ते 70 टक्क्यांवरून 60 टक्के होतं आणि मीटिंगमध्ये घसरण म्हणून मांडलं जातं. प्रत्यक्षात फरक दोन माणसांचा आहे. संख्या एवढी लहान असली की असा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो, त्यावरून डॉक्टरांना जाब विचारण्यात काहीच अर्थ नाही. हजारो पेशंटच्या हॉस्पिटलचे तक्ते जसेच्या तसे लहान ओपीडीत आणले की इथेच फसगत होते.

पण याच लहान असण्यात एक ताकदही आहे. ज्यांची साखर आटोक्यात नाही त्या आठ जणांची नावं तुम्ही एका कागदावर लिहू शकता. कोणाला गोळ्या परवडत नाहीत, कोण फॉलो-अपला आलंच नाही, कोणाला दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड सुरू झालंय, हे सिस्टरला पंधरा मिनिटांत सांगता येतं. मोठ्या हॉस्पिटलला हे जमत नाही. तेव्हा टक्केवारी बाजूला ठेवा आणि नावांची यादी करा, असं मी आग्रहाने सांगते. आकडा ठेवायचाच असेल तर तो महिन्यामागून महिना एका रेषेवर मांडा. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये कारखान्यातल्या उत्पादनासाठी कंट्रोल चार्ट मांडला, त्यामागचा विचार इथेही लागू पडतो: रोजचा साधा चढउतार वेगळा आणि खरा बदल वेगळा. सोप्या आलेखात मध्यकाची (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची) रेषा काढायची; सलग सहा बिंदू तिच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी खरंच बदललंय असं धरायचं.

आता पेशंटसंख्या. डॉक्टर एक क्षणही रिकामे बसू नयेत, असं अनेक मालकांना वाटतं. रांगेचं गणित याच्या उलट बोलतं. सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये डॉक्टरांचा 80 टक्के वेळ भरलेला असेल, तर पेशंटला सरासरी चार तपासण्यांइतका वेळ थांबावं लागतं. 90 टक्क्यांना ते नऊ तपासण्यांइतकं होतं आणि 95 टक्क्यांना एकोणीस. एक तपासणी दहा मिनिटांची धरली, तर 40 मिनिटांचं थांबणं 90 मिनिटांवर जातं आणि मग तीन तासांच्या पुढे. ओपीडी ठरलेल्या वेळी संपते म्हणून प्रत्यक्षात ते एवढं ताणलं जात नाही, पण दिशा हीच असते. शेवटच्या काही फटी भरून काढायची किंमत बाहेर बसलेली माणसं चुकवतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी 1952 मध्येच बाह्यरुग्ण विभागाच्या अपॉइंटमेंटचा अभ्यास करून सुचवलं होतं, की सुरुवातीला दोघांना बोलवावं आणि पुढे सरासरी तपासणीइतक्या अंतराने एकेकाला. आजही बऱ्याच क्लिनिकना एवढी एक गोष्ट पुरेल, अर्थात डॉक्टर वेळेवर आले तर.

लक्ष्य ठरवताना तर फारच जपावं लागतं. ब्रिटनमध्ये जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, भेट 48 तासांत मिळावी असं लक्ष्य ठेवलं गेलं. ते गाठण्यासाठी काही दवाखान्यांनी पुढच्या तारखांची नोंदणीच थांबवली. 2005 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात प्रेक्षकांनी हे टोनी ब्लेअर यांना सांगितलं, तेव्हा पंतप्रधानांनाच आश्चर्य वाटलं. आकडा सुधारला होता. पुढच्या आठवड्याची वेळ हवी असणाऱ्यांची मात्र गैरसोय झाली होती.

मग काय बघायचं? रोज ठरावीक वेळी, आजपासून तिसरी मोकळी अपॉइंटमेंट किती दिवसांनी आहे ते लिहा. तिसरी अशासाठी, की पहिली कोणीतरी ऐनवेळी रद्द केल्यामुळेही मोकळी झालेली असू शकते. दुसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: लॅबचा रिपोर्ट आल्यापासून पेशंटला कळेपर्यंत किती दिवस गेले, आणि गडबड असलेला एखादा रिपोर्ट कोणीच न बघता पडून राहिला का. रेफर केलेला पेशंट तज्ज्ञांपर्यंत पोचला का, हेही त्यातच येतं. ओपीडीतली खरी हानी अशा निसटलेल्या धाग्यांतून होते, आणि ते कोणत्याही एका डॉक्टरच्या नावावर टाकता येत नाहीत.

माणसांच्या नावांचा तक्ता भिंतीवर लावू नका. जे डॉक्टर म्हाताऱ्या, एकट्या, पाच आजार असलेल्या पेशंटना वेळ देतात, ते अशा तक्त्यात तळाला दिसतात. पगार पेशंटसंख्येशी बांधला की असे पेशंट हळूहळू नकोसे होतात. कोणाच्या कामाबद्दल शंका असेल तर दार लावून, समोर पाच-सहा केसपेपर ठेवून बोला.

आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी तासभर बसा. पहिल्यांदा रिसेप्शनवरच्या व्यक्तीला बोलू द्या. डॉक्टरांना न भेटताच किती जण परत गेले आणि का गेले, हे फक्त तिलाच माहीत असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेलं नसतं.