पाण्याचा दिवस आणि घरातली मतं

"आपल्यात राजकारण नको," असं नणंदेचे यजमान काल जेवायला बसता बसता म्हणाले आणि ताक येईपर्यंत दुसरं काहीही बोलले नाहीत. दिल्ली झाली, मुंबई झाली, अमेरिकाही झाली. आमचे हे त्यांना खोडत होते, तेही आवाज चढवून. दोघांची मतं अगदी विरुद्ध. पण ताटातली भाकरी संपली की मान वर न करता हात पुढं करायचा, यावर दोघांचं एकमत. नणंद आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. विचारलं असतं तर सांगायला माझ्याकडंही पुष्कळ होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते.

मुळात ज्याला घरात राजकारण नको असेल त्यानं सोलापुरात राहूच नये. इथं ते नळातून येतं, आणि तेही रोज नाही. उजनी आमच्याच जिल्ह्यात. 117 टीएमसीचं, म्हणजे 117 अब्ज घनफुटांचं धरण. चांगला पाऊस झाला की शंभर टक्क्यांच्या वरचे आकडे पेपरात येतात, दरवाजे उघडल्याचे फोटो येतात, आणि आमच्याकडं पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी. शहरासाठी भीमेत पाणी सोडायचं, ते नदीच्या वाळूतून, उन्हातून, वाटेवरच्या मोटारींमधून वाचत वाचत टाकळीला यायचं, तिथून उपसायचं. एका शहराची तहान भागवायला अख्खी नदी ओली करायची, हा हिशोब मला कधी पटलेला नाही. समांतर जलवाहिनी, म्हणजे धरणातून थेट शहराला दुसरा पाइप, हा शब्द मुलानं शाळेत असताना ऐकला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. मधेच कुठं पाइप फुटतो, कुठं पंपाची लाइट जाते, आणि मेसेज येतो की पाणी एक दिवस पुढं ढकललं. सबंध घराचं वेळापत्रक त्या एका ओळीवर. धुणं, पाहुणे, केस धुणं, उपासाचे दिवस, सगळं. भाचीच्या साखरपुड्याला मी उशिरा पोचले तेव्हा सगळ्यांनी कारण न विचारताच मान हलवली. सोलापूरचेच होते सगळे.

शेजारधर्मही याच्यावरच ठरतो, झेंड्यावर नाही. आमच्या गल्लीत एकाच पक्षाचे दोन कट्टर कार्यकर्ते आहेत. एकानं नळाला थेट मोटार लावली, तेव्हापासून बोलत नाहीत. आणि समोरच्या काकू, ज्यांच्या घरावर निवडणुकीत आमच्या विरुद्ध पक्षाचा झेंडा असतो, त्या पहाटे तीनला फोन करतात, "काय करलालाव वहिनी, पाणी आलंय की!" मला विचाराल तर नातं ते हेच. मधली काही वर्षं तर महापालिकेत नगरसेवकच नव्हते. 2022 च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि प्रशासकांच्या हाती कारभार गेला. त्या काळात आमच्या भागातला सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे पाणी सोडणारा चावीवाला. दिवाळीला त्याला फराळ गेला नाही असं एक घर दाखवा.

आमच्या ऑफिसात झाडलोटीला एक मावशी येतात. तेलुगू वळणाचं मराठी, आधी विड्या वळायच्या. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत त्यांचं घर आहे, त्यांच्याच नावावर. ती दहा हजार घरं विडी कामगारांसाठी झाली, 2006 मध्ये मनमोहन सिंग येऊन चाव्या देऊन गेले. मग त्याच बाजूला रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचा प्रकल्प. 2024 च्या जानेवारीत नरेंद्र मोदी आले आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. दोन पंतप्रधान, दोन वेगळे पक्ष, पण दोन्हींच्या मागं धावपळ तिसऱ्याच माणसाची, नरसय्या आडम मास्तरांची. लाल बावट्याचे, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. 1978, 1995 आणि 2004 असे तीनदा आमदार झाले. 2009 पासून मात्र एकदाही निवडून आले नाहीत.

मी मावशींना एकदा सरळ विचारलं. म्हणाल्या, "मास्तर तर आमचे घरचेच की. पण मत काय, पोरगं सांगतंय तिकडं."

ऐकून मला रागच आला होता. घर बाईच्या नावावर आणि मत पोराच्या नावावर! पण नंतर वाटलं, नुसतं कृतघ्न म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. पोरगा म्हणतो ते असं की एकटा आमदार विरोधात बसून काय करणार, सत्तेत असेल त्याच्याकडं गेलं तर काम होतं. हा सरळ व्यवहार आहे आणि आपण सगळे तो करतो. मी लग्न ठरवताना दोन स्थळांपैकी ज्याची नोकरी पक्की ते निवडलं. दुसरा गोड बोलायचा, कविता करायचा. प्रेमबीम नंतर झालं, झालंही बरंच. त्यामुळं मावशींच्या पोराला नावं ठेवायला मी कोण?

खटकतं ते वेगळंच. ज्यानं राबायचं त्याला विचारायचं नाही, ही आमच्याकडची जुनी सवय. शहरात मास्तरांचं जे झालं तेच घराघरात चालू आहे. टाकी किती भरली, हौद कधी धुवायचा, पाणी गढूळ आलं तर तुरटी कुठल्या डब्यात, हे घरातल्या बाईला माहीत, आणि पाणीप्रश्नावर भाषण द्यायला नणंदेचे यजमान. त्यांना त्यांच्याच घरातल्या हौदाचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं ते सांगता येणार नाही. आमच्या ह्यांना सांगता येईल, पण तेही मागच्या उन्हाळ्यात त्यात चावी पडली म्हणून.

लाडकी बहीणवरूनही काल बराच वाद झाला. यजमान म्हणाले, आमच्या सरकारनं दिले. हे म्हणाले, आमच्या करातून दिले. पंधराशे रुपये ज्या खात्यात येतात ती बाई आत चटणी वाढून घेत होती. ती तिथूनच म्हणाली, "कुणी का देईना, दिले ना? मग हिशोब मागू नका." बाहेर एकदम शांतता. फुकट पैसे वाटण्यानं राज्याचं भलं होतं असं मला अजिबात वाटत नाही, रस्ते आणि पाइप त्यातून झाले असते तर बरं. पण ही नणंद आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला असं तोडून बोलली, तेही त्या पैशांच्या जोरावर. मला दोन्ही एकदम वाटतं. त्याची जुळणी मला करता येत नाही आणि करायची घाईही नाही.

मी स्वतः कुणाला मत देते ते ह्यांना आजवर सांगितलेलं नाही. सासऱ्यांच्या वेळी घरातली सगळी मतं एकाच चिन्हाला जायची, ते दाराशी उभं राहून आठवण करायचे. मी तेव्हाही मान डोलवायची आणि आत जाऊन मला हवं ते बटण दाबायची. परवा हे पुन्हा विचारत होते. म्हटलं, आज रात्री पाणी आहे, उठा माझ्याबरोबर, भरता भरता सांगते. "राहू दे," म्हणाले आणि कूस बदलली.