व्होल्टमीटर ५१ दाखवत होता

नाथषष्ठीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, काठापासून तीनेक किलोमीटर आत बॅटरीवरच्या बोटीची मोटर एकदम बंद पडली. आधी वेग मंदावला नाही, आवाज बदलला नाही. व्होल्टमीटर ५१ दाखवत होता, म्हणजे त्याच्या हिशेबानं बॅटरीत जीव होता. मामा माझ्याकडं बघत होते आणि मी मीटरकडं.

"काय झालं वो मिस्त्री?"

"बघतो, मामा."

माझं पैठणला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, पाणबुडी मोटरी आणि अलीकडं ई-रिक्षा. बोटीचं काम पहिल्यांदा आलं ते मामांमुळं. मामा भोई. काठानं जाळी टाकणाऱ्यांची मासळी पहाटेपासून गोळा करून आणायची, हा त्यांचा धंदा. १६ फुटी फायबरची बोट, मागच्या फळीला टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. ते जाम झालं तेव्हा मामा दुकानात येऊन बसले. म्हणाले, "हेच पाणी संभाजीनगर पितंय, जालना पितंय. त्यात मी रोज ऑइल सोडायलो. करंटवर चालंल का माझी बोट?"

टू-स्ट्रोकचा धूर पाण्याखालीच सुटतो आणि त्यासोबत न जळालेलं पेट्रोल-ऑइलही पाण्यात जातं. ज्या धरणावर माझी शेतीच्या पंपांची निम्मी गिऱ्हाईकं जगतात, त्याच्याबद्दल हा माणूस बोलत होता. मी हो म्हणालो.

इंजिनाचा वरचा भाग काढला आणि पंख्याचा खालचा पाय तसाच ठेवला. त्यातले गिअर चांगले होते. वर ४८ व्होल्टची ३ किलोवॅटची बीएलडीसी (बिनब्रशची) मोटर उभी बसवायची होती. अडचण होती ती जोडणीची. पायातून वर येणाऱ्या दांड्याला बारीक खाचा असतात आणि तशाच खाचांचं भोक बाजारात तयार मिळत नाही. दोन दिवस डोकं चालेना. मग लक्षात आलं, ते भोक माझ्यासमोरच पडलंय, जुन्या क्रँकशाफ्टच्या बुडाशी. वाळूजच्या एका टर्नरकडून क्रँकचा तेवढाच तुकडा कापून घेतला आणि त्याचीच कपलिंग केली. क्रँक इतका कडक की साध्या टूलनं कापेना, कार्बाइडचं टूल लावावं लागलं. त्या टर्नरनं ते काम ज्या मायेनं केलं, ते मी विसरणार नाही. मोटर हवेनं थंड होणारी, म्हणून पायातला पाणी ओढणारा रबरी पंखा काढून टाकला. वायर २५ स्क्वेअर एमएमची घेतली. बॅटरीजवळ डीसीचा फ्यूज बसवला. घरातला एसीचा एमसीबी इथं लावू नये. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही.

बॅटरी लिथियम फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवरचे १६ सेल, एकामागोमाग जोडलेले. चूक झाली ती इथं.

त्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी मामांना म्हणालो होतो, वल्ही काठावर ठेवा, वजन कमी होईल. त्यांनी ऐकलं नाही, गुपचूप बोटीत टाकली. ताशी ९ किलोमीटरच्या वेगानं चाललो होतो, करंट ५२ अँपिअर. चार क्रेट रोहू-कटला भरले. परतताना वारा समोरून सुटला, तरी मी वेग कमी केला नाही. मीटरवर विश्वास होता. शिशाच्या बॅटरीत भार पडला की व्होल्टेज हळूहळू उतरतं आणि त्यावरून किती उरलं ते कळतं. वीस वर्षं मी तसंच वाचत आलो. लिथियम फॉस्फेटचं व्होल्टेज मात्र बराच काळ जवळपास सपाट राहतं. भरलेली असो वा अर्धी, आकडा फारसा हलत नाही. त्यात सोळांपैकी एक सेल मुळात कमी भरलेला होता. चार्ज करताना दुसरा सेल आधी ३.६५ व्होल्टला पोचला, बीएमएसनं, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटनं, चार्जिंग तोडलं आणि हा मागंच राहिला. पाण्यात तो एकटा अडीच व्होल्टपर्यंत कोसळला आणि बीएमएसनं सगळंच बंद केलं. बाकीचे पंधरा ठणठणीत, म्हणून बेरीज ५१. मीटर थेट बॅटरीवर जोडलेला होता, म्हणून बंद पडल्यावरही तोच आकडा.

हे सगळं तिथं, हेलकावणाऱ्या बोटीत समजत गेलं. दहा मिनिटं थांबलो. सेल थोडा सावरला, बीएमएसनं पुन्हा वाट दिली. या वेळी थ्रॉटल अगदी थोडा दिला, १० अँपिअर, ताशी पाच किलोमीटर. वेग साधारण निम्मा आणि करंटची ओढ पाचव्या हिश्श्याची. पाण्यातल्या बोटीचं हे गणित मी वाचलेलं होतं, पण हाताला त्या दिवशी कळलं. आवाज जवळजवळ नव्हताच. उथळ कडेला पट्टकादंबांचा थवा बसला होता. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, पण पेट्रोलच्या बोटीतून हे हंस मामांना कायम उडतानाच दिसायचे. आज ते मान वर करून बघत राहिले.

"हलले बी नाईत," मामा हळूच म्हणाले. मग पाण्याकडं बघत, "इथंच खाली आमचं जुनं गाव हाय."

वीस मिनिटांनी मोटर पुन्हा थांबली. उरलेला किलोमीटरभर आम्ही दोघांनी वल्ही मारली. काठावर पोचेपर्यंत बर्फ विरघळला होता आणि व्यापाऱ्यानं भाव पाडला. ती तूट मी माझ्या मजुरीतून वळती केली. मामा नको म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी पॅक सोडवला. सगळे सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकत्र भरले, त्याला दोन दिवस लागले. व्होल्टमीटर काढला आणि शंटचा मीटर बसवला. तो बॅटरीतून गेलेल्या करंटची बेरीज ठेवतो आणि किती टक्के उरलं ते सांगतो. मग पुन्हा तीच फेरी केली, ताशी सहाच्या वेगानं.

मामा आता अर्धा तास आधी निघतात. परवा दुकानात आले, म्हणाले, "काल काठाला आलो तवा ४७ टक्के होते. थवा अजून हाय तिथं." वल्ही बोटीतच आहेत. ती मीच बांधून ठेवलीत.